दूरप्रवेश सेवेतील अभाव आणि शून्य : एक ऐतिहासिक विवेचन

एका संगणकासमोर बसून दूरच्या दुसऱ्या संगणकात प्रवेश करावयाचा आणि तो जणू हाताशीच आहे अशा रीतीने त्याच्याकडून काम करवून घ्यावयाचे, या व्यवहाराला दूरप्रवेश असे म्हणता येईल. हा प्रवेश देणारा प्रोग्रॅम दूरच्या यंत्रावर अहोरात्र जागा असतो. त्याने कोणत्या दारावर थांबावे, कोणाला आत घ्यावे, कोणाला परतवावे आणि स्वतःची ओळख कशी पटवावी, याविषयीच्या लेखी सूचनांना कॉन्फिगरेशन असे नाव आहे. या सूचनांपैकी एखादी आवश्यक वस्तू जागेवर नसली म्हणजे सेवा सुरूच होत नाही. हा अनुभव यंत्रे सांभाळणाऱ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. तो केवळ तांत्रिक अडथळा समजला जातो आणि दोन-चार आज्ञा देऊन दूर केला जातो. परंतु या अपयशालाही एक इतिहास आहे. १९६९ मधील दूरप्रवेश सेवा अशा कारणाने बंद पडणे शक्य नव्हते, आजची पडते. हा फरक कसा घडला आणि त्याचा दुरुस्तीच्या रीतीशी काय संबंध आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विवेचनासाठी दोन जुन्या कल्पनांचे साह्य घेणे सोयीचे होईल. पाणिनीच्या व्याकरणात लोप ही संज्ञा आहे. जो प्रत्यय दिसत नाही, परंतु ज्याची जागा व्याकरणाने मान्य केलेली आहे, त्याचे न दिसणे म्हणजे लोप. प्रत्यय लुप्त झाला तरी त्याने घडणारे कार्य होऊ शकते. मराठीत ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ या दोन वाक्यांत ‘दगड’ हे रूप एकच आहे. तरीही दुसऱ्या वाक्यात ते अनेकवचनी आहे, कारण तेथे अनेकवचनाचा प्रत्यय शून्य आहे. शून्य म्हणजे काहीच नसणे नव्हे. ती एक मांडलेली जागा होय. दुसरी कल्पना न्यायशास्त्रातील अभावाची. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. घटाची अपेक्षा असेल तरच ‘येथे घट नाही’ असे ज्ञान होते. जे मागितलेच जात नाही, त्याचा अभाव कोणाला जाणवतही नाही. दूरप्रवेशाच्या इतिहासाचे मर्म या दोन कल्पनांतील भेदात आहे.

१

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात प्रवेश करण्याचा प्रयत्न झाला. अर्पानेट या जाळ्यावरील हा पहिला संदेश होय. लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या मार्गदर्शनाखाली चार्ली क्लाइन हा विद्यार्थी एका टोकाला होता आणि बिल ड्युव्हाल दुसऱ्या टोकाला. ‘लॉगिन’ हा शब्द टंकित करावयाचा होता. इंग्रजीतील त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. सुमारे तासाभराने दोष दूर होऊन प्रवेश पूर्ण झाला. या घटनेत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पलीकडच्या यंत्राने आपली ओळख पटविली पाहिजे, असे त्या रात्री कोणाच्याही मनात नव्हते. जाळ्यावर दोनच यंत्रे होती. ओळखीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

याच सुमारास टेलनेटची कल्पना आकारास येत होती. सप्टेंबर १९६९ मधील पंधराव्या क्रमांकाच्या आरएफसी टिपणात तिचा आरंभ आढळतो, आणि मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी लिहिलेल्या ८५४ व्या टिपणात तिचे स्थिर रूप सिद्ध झाले. निरनिराळ्या उत्पादकांच्या टर्मिनलांचे गुणधर्म भिन्न होते. ती सर्व परस्परांना समजावीत म्हणून टेलनेटने एका काल्पनिक, किमान क्षमतेच्या टर्मिनलाची योजना केली. दोन्ही पक्षांनी काहीच ठरविले नाही, तर दोघेही तसेच टर्मिनल आहेत असे मानावयाचे. यापेक्षा अधिक काही हवे असेल तर ‘मी करीन’, ‘मी करणार नाही’, ‘तू कर’, ‘तू करू नकोस’ या चार संकेतांनी वाटाघाट करावयाची. आणि नकार देण्याचा अधिकार दोन्ही पक्षांस नेहमी असावयाचा.

भाषाभ्यासकास ही रचना ओळखीची वाटेल. येथे मौनाला अर्थ दिलेला आहे. काही न बोलणे म्हणजे ठरलेले किमान रूप स्वीकारणे, अर्थात व्याकरणातील शून्य प्रत्यय. परंतु हे शून्य केवळ टर्मिनलाच्या गुणधर्मांपुरते होते. पलीकडे कोण आहे, या प्रश्नाला टेलनेटच्या मूळ रचनेत जागा नव्हती. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, उघड्या अक्षरांत तारेवरून जात असे. गुप्ततेचा तेथे अभाव होता. पण तिची अपेक्षाच नसल्यामुळे तो अभाव म्हणून नोंदला गेला नाही आणि त्यामुळे सेवा कधी बंदही पडली नाही.

२

१९८३ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. आरलॉगिन आणि आरएसएच या सेवांचा प्रसार तिच्याबरोबर झाला. त्यांची सोय मोठी होती. विश्वासातील यंत्रांची नावे एका फाइलीत लिहून ठेवली की त्या यंत्रांवरून येणाऱ्यास पासवर्ड विचारला जात नसे. संपूर्ण यंत्रासाठी अशी एक सामाईक यादी असे आणि प्रत्येक वापरकर्त्याला आपल्या खात्यापुरती स्वतंत्र यादी ठेवता येत असे.

ओळख पटविण्याची रीत येथे होती, परंतु ती केवळ नावावर अवलंबून होती. येणाऱ्याने कोणत्या पत्त्यावरून आणि १०२४ खालील कोणत्या पोर्टावरून जोडणी केली, एवढेच पाहिले जाई. हे खालचे पोर्ट युनिक्सवर केवळ सर्वाधिकारी खात्यासच उघडता येत असल्यामुळे तो पुरावा पुरेसा मानला गेला. प्रत्येक यंत्राचा सर्वाधिकारी विश्वासार्ह आहे, हे गृहीत त्यामागे होते. विद्यापीठांच्या छोट्या वर्तुळात ते चालण्यासारखे होते. यंत्रांची संख्या वाढली आणि ती घराघरात पोहोचली, तेव्हा ते गृहीत निराधार ठरले. त्यातच सामाईक यादीत अधिक चिन्ह एकटेच लिहिले तर कोणतेही यंत्र विश्वसनीय मानले जाई. सन कंपनीच्या सनओएस ४ या प्रणालीत ते चिन्ह कारखान्यातूनच लिहून येत असे, आणि ते पुसून टाकावे हा सुरक्षाविषयक उपदेशांतील एक नेहमीचा मुद्दा होऊन बसला.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने या विश्वासाची परीक्षा घेतली. पत्रव्यवहाराच्या व अन्य एका सेवेतील दोषांबरोबरच तो दुबळे पासवर्ड ओळखून काढीत असे आणि विश्वासाच्या याद्यांचा आधार घेऊन एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात असे. येथे सेवांच्या दृष्टीने काहीही बिघडले नव्हते. याद्या जागेवर होत्या, त्यांचा अर्थ स्पष्ट होता, आणि सेवेने त्यांचे तंतोतंत पालन केले होते. याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे आपत्कालीन समन्वय केंद्र स्थापन झाले. फेब्रुवारी १९९४ मध्ये या केंद्रास जाळ्यावर चाललेल्या टेहळणीविषयी इशारा द्यावा लागला. उघड्या अक्षरांत जाणारे पासवर्ड मोठ्या प्रमाणावर टिपले जात होते. पंचवीस वर्षे न जाणवलेला अभाव आता जाणवू लागला.

३

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच पासवर्डांची चोरी उघडकीस आली. तेथील संशोधक ताटु युलोनेन यांनी तिला उत्तर म्हणून एसएसएच हा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये तो सर्वांसाठी खुला केला. फाइली नेण्याआणण्याच्या सेवेचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३; त्यांमधील २२ हा रिकामा क्रमांक त्यांनी मागून घेतला. पुढील महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्यातील स्वस्त ‘शेल’ खाते घेणारा मुंबईचा ग्राहक टेलिफोनवरून निगमाच्या युनिक्स यंत्रावर प्रवेश करी आणि तेथेच आपली पत्रे वाची. या देशातील पहिल्या पिढीच्या अनेक ग्राहकांना इंटरनेटचे प्रथम दर्शन दूरप्रवेशाच्याच रूपाने झाले.

एसएसएचने संभाषण गुप्त केले, हे त्याचे कार्य सर्वज्ञात आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याने केलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. त्याने यंत्राकडे ओळख मागितली. प्रत्येक सर्व्हरपाशी एक होस्ट-की असते, म्हणजे यंत्राची स्वतःची किल्ली. तिचा एक भाग गुप्त व दुसरा जाहीर असतो. प्रथम भेटीत वापरकर्त्यास जाहीर भागाचा संक्षिप्त ठसा दाखविला जातो. त्याने मान्यता दिली म्हणजे तो भाग त्याच्या संगणकावर नोंदला जातो. पुढील प्रत्येक भेटीत नोंद पडताळून पाहिली जाते आणि ती न जुळल्यास मोठ्या अक्षरांत इशारा मिळतो.

ही मागणी पुढे येताच एक नवीन प्रकारचे अपयश संभवू लागले. ज्या यंत्रापाशी होस्ट-की नाही, त्या यंत्रावर सेवा सुरू होत नाही. एकही होस्ट-की उपलब्ध नाही, म्हणून बाहेर पडत आहोत, अशा आशयाचे एक वाक्य नोंदवहीत लिहून ती थांबते. टेलनेटला असे वाक्य लिहिण्याचे कारणच नव्हते. ओळखीची अपेक्षा जन्मास आली, तेव्हाच ओळखीचा अभावही जन्मास आला.

युलोनेन यांच्या प्रोग्रॅमच्या पुढील आवृत्त्यांवरील परवान्याच्या अटी कडक होत गेल्या. तेव्हा ब्यॉर्न ग्रॉनवॉल यांनी जुन्या, मुक्त आवृत्तीवरून काम पुढे नेले. ते ओपनबीएसडीच्या मंडळींनी हाती घेतले आणि १ डिसेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या ओपनबीएसडी २.६ बरोबर ओपनएसएसएच बाहेर पडले. आज लिनक्स व तत्सम बहुतेक प्रणालींवर हीच सेवा आढळते. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर काम करणारा विद्यार्थीही एसएसएचनेच आत जातो.

४

२००२ मध्ये या सेवेत आणखी एक अपेक्षा दाखल झाली. नील्स प्रोव्होस यांनी अधिकार-विभाजनाची योजना मांडली आणि त्या वर्षीच्या जूनमधील ३.३ या आवृत्तीपासून ती आपोआप लागू झाली. प्रवेशाची ओळख पटण्यापूर्वी परक्या माणसाशी बोलणारा प्रोग्रॅमचा भाग अधिकारहीन असावा, हे तिचे तत्त्व होय. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : एक, कोणतेही अधिकार नसलेले स्वतंत्र खाते, दोन, एक रिकामी डिरेक्टरी. बाहेरच्याशी बोलणाऱ्या भागाला या डिरेक्टरीत कोंडले जाते, म्हणजे त्याचा ताबा कोणी घेतला तरी त्याच्या हाती काही लागत नाही. २०१७ मधील ७.५ या आवृत्तीत हे विभाजन बंद करण्याचा पर्याय बाद ठरला आणि ते अनिवार्य झाले.

ही रिकामी डिरेक्टरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. तिचा उपयोग तिच्या रिकामेपणात आहे. तरीही ती नसेल तर सेवा सुरू होत नाही. आणि ती सर्वाधिकारी खात्याच्या मालकीची नसेल किंवा इतरांना तीत लिहिता येत असेल, तरीही होत नाही. रिकामी असणे आणि मुळीच नसणे यांतील अंतर यंत्राने येथे स्पष्ट केले आहे. शून्य आवश्यक आहे. अभाव चालत नाही.

डेबिअन व तिच्या कुळातील प्रणालींत ही डिरेक्टरी ‘रन’ या डिरेक्टरीखाली असते. २०११ च्या सुमारास, फेडोरा १५ पासून आरंभ होऊन, लिनक्स प्रणालींनी ‘रन’ला मूळ स्थानी आणले आणि तिला तात्पुरत्या स्मृतीत ठेवले. यंत्र पुन्हा सुरू झाले की तिच्यातील सर्व काही नाहीसे होते. प्रणालीचा सेवा-व्यवस्थापक सेवा सुरू करताना ही डिरेक्टरी प्रत्येक वेळी नव्याने तयार करतो, म्हणून एरवी अडचण येत नाही. परंतु कंटेनरसारख्या बंदिस्त वातावरणात व्यवस्थापकाला वगळून सेवा थेट सुरू केली, तर डिरेक्टरी निर्माण करणारे कोणी उरत नाही. आणि अधिकार-विभाजनाची डिरेक्टरी सापडत नाही, अशी तक्रार करून सेवा थांबते. काल चालणारी सेवा आज का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

५

आता प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन फाइलीकडे वळू. ओपनएसएसएचच्या सर्व्हरची मुख्य सूचना-फाइल नाहीशी झाली, तर सेवा सुरू होत नाही. परंतु त्याच जागी त्याच नावाची संपूर्ण रिकामी फाइल ठेवली, तर इतर साहित्य जागेवर असल्यास सेवा सुरू होते. दोन्ही प्रसंगी सूचनांची संख्या शून्यच. परिणाम मात्र विरुद्ध. रिकाम्या फाइलीचा अर्थ ‘सर्व गृहीत मूल्ये मान्य आहेत’ असा होतो. फाइल नसण्याचा अर्थ सेवा लावीत नाही, कारण तो लावणे धोक्याचे आहे. फाइल चुकून पुसली गेली असेल, चकती जोडली गेली नसेल, मार्ग चुकीचा दिला असेल. यांपैकी काय घडले हे सेवेला कळण्याचा मार्ग नाही. जो नियम व्यवस्थापकाने लिहिला होता, तो कदाचित एखाद्याला दाराबाहेर ठेवणारा असेल. तो वाचता येत नसताना दार उघडणे हा विश्वासघात ठरेल.

प्रवेश करणाऱ्या बाजूचा, म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावरील प्रोग्रॅमचा, नियम मात्र निराळा आहे. तेथे वापरकर्त्याची वैयक्तिक सूचना-फाइल नसणे ही सामान्य स्थिती मानली जाते आणि काम पुढे चालते. परंतु त्याने आज्ञेत एखाद्या फाइलीचे नाव स्वतः दिले आणि ती फाइल सापडली नाही, तर तोच प्रोग्रॅम थांबतो. कोणतीही फाइल वाचू नये असे सांगावयाचे असल्यास ‘काही नाही’ या अर्थाचा एक खास शब्द लिहावा लागतो. ‘नाही’ असे म्हणणे आणि काहीच न म्हणणे यांतील भेद इतक्या काटेकोरपणे पाळला गेला आहे.

ओपनएसएसएचबरोबर येणाऱ्या नमुना-फाइलीची रचनाही याच विचाराने झाली आहे. तिच्यातील बहुतेक ओळींच्या आरंभी चिन्ह घालून त्या निष्क्रिय केलेल्या असतात आणि त्यांत गृहीत मूल्ये लिहिलेली असतात. फाइल वाचणाऱ्यास न बोललेले वाक्य वाचावयास मिळते. यंत्र मात्र ते वाचीत नाही.

परंतु मौनाचा अर्थ कायम राहत नाही. सर्वाधिकारी खात्याला दुरून थेट प्रवेश असावा काय, याविषयी फाइलीत काहीच लिहिले नसेल तर ऑगस्ट २०१५ पर्यंत त्याचा अर्थ ‘असावा’ असा होता. त्या महिन्यातील ७.० या आवृत्तीपासून तो ‘असावा, परंतु पासवर्डने नव्हे’ असा झाला. सप्टेंबर २०२१ मधील ८.८ या आवृत्तीत जुनी एक स्वाक्षरी-पद्धती आपोआप मान्य होणे थांबले. फाइलीतील एकही अक्षर न बदलता तिचा अर्थ बदलला. भाषेतही असेच घडते : रूप टिकते, परंतु त्याच्या शेजारची व्यवस्था बदलल्यामुळे त्याचे मूल्य पालटते. म्हणून जुनी कॉन्फिगरेशन फाइल नव्या आवृत्तीवर ठेवताना तिच्यात काय लिहिले आहे याबरोबर काय लिहिलेले नाही हेही वाचावे लागते.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की सेवा बंद पडणे हाच मुख्य धोका आहे. इतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. आवश्यक वस्तू नसताना जी सेवा बंद पडत नाही, तिचे नुकसान अधिक खोल असते.

सप्टेंबर २००६ मध्ये डेबिअनमधील ओपनएसएसएल या गूढलेखन-ग्रंथालयातून काही ओळी काढण्यात आल्या. स्मृतीच्या वापराची तपासणी करणारे एक साधन त्या ओळींबद्दल तक्रार करीत असे. परंतु यादृच्छिकता त्या ओळींतूनच मिळत होती. त्या गेल्यावर किल्ली तयार करताना केवळ प्रक्रियेचा क्रमांक तेवढा बदलता राहिला. तो कमाल ३२,७६८ पर्यंत जातो. प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांची संभाव्य संख्या एवढीच उरली. किल्ल्या तयार होत होत्या, सेवा चालू होती, कोठेही दोषाचे वाक्य उमटत नव्हते. लुचिआनो बेल्लो यांनी हा दोष शोधला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. सुमारे वीस महिन्यांतील किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या. किल्लीची फाइल होती, किल्लीपण नव्हते. फाइलीच्या अस्तित्वाची अपेक्षा यंत्राला होती, यादृच्छिकतेची नव्हती. म्हणून तिचा अभाव त्याला दिसला नाही.

२०१२ मध्ये नादिया हेनिंगर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि अॅलेक्स हॉल्डरमन यांनी इंटरनेटवरील जाहीर किल्ल्यांची व्यापक पाहणी केली. यंत्र प्रथमच सुरू होत असताना, पुरेशी यादृच्छिकता साठण्यापूर्वीच अनेक छोटी उपकरणे आपली किल्ली तयार करतात, असे त्यांना आढळले. एसएसएच सर्व्हरांपैकी १.०३ टक्के यंत्रांच्या डीएसए प्रकारच्या गुप्त किल्ल्या त्यांना बाहेरून मिळविता आल्या. आणि २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रॅमने कारखान्यात घातलेले साठाहून अधिक नाव-पासवर्ड वापरून कॅमेरे व तत्सम उपकरणे टेलनेटद्वारा काबीज केली. त्या उपकरणांच्या मालकांनी काहीच मांडणी केली नव्हती. तरी दार उघडे होते. मालकाने पासवर्ड ठरविल्याखेरीज सेवा सुरूच होणार नाही, अशी अपेक्षा त्या उपकरणांत असती, तर ती बंद राहिली असती आणि सुरक्षितही राहिली असती.

७

या इतिहासाच्या प्रकाशात दुरुस्तीचा विचार केला, म्हणजे ‘नसलेली वस्तू आणून ठेवावी’ हे सूत्र अपुरे ठरते. नसण्याचे प्रकार ओळखले पाहिजेत. न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तीन येथे नेमके उपयोगी पडतात.

नव्या यंत्रावर होस्ट-की अद्याप तयारच झालेली नसते. हा प्रागभाव होय. एकाच साच्यावरून अनेक यंत्रे निर्माण केली जातात, तेव्हा साच्यातील किल्ली जाणीवपूर्वक पुसली जाते आणि प्रत्येक यंत्राने प्रथम सुरू होताना आपली किल्ली स्वतः घडवावी अशी योजना असते. ती पायरी हुकली म्हणजे सेवा अडते. येथे उपाय सरळ आहे : किल्ली घडविणाऱ्या साधनाला अनुपस्थित अशा सर्व प्रकारच्या किल्ल्या तयार करण्याची एक आज्ञा देता येते.

जी वस्तू होती आणि नाहीशी झाली, तिचा प्रध्वंसाभाव. ‘रन’खालील डिरेक्टरी या वर्गात येते. ती हाताने पुन्हा निर्माण केल्यास सेवा चालते, पण यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच. खरा उपाय म्हणजे ती निर्माण करण्याची जबाबदारी सेवा-व्यवस्थापकाकडे किंवा प्रारंभाच्या आज्ञावलीकडे सोपविणे. पुसलेली होस्ट-की हीदेखील प्रध्वंसाभावातच मोडते. मात्र तिची जखम अधिक खोल आहे. नवी किल्ली तयार करता येते, परंतु ते नवे यंत्र ठरते. पूर्वीच्या सर्व वापरकर्त्यांना ओळख बदलल्याचा इशारा मिळतो, आणि तो योग्यच असतो. व्यवस्थापकाने नव्या किल्लीचा ठसा अन्य विश्वसनीय मार्गाने त्यांना कळविणे हाही दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे. सुरक्षित प्रत ठेवताना सूचना-फाइलीबरोबर किल्लीचीही प्रत ठेवावी, तिचे कारण हेच.

तिसरा अन्योन्याभाव : हे ते नव्हे. घाईत शेजारच्या यंत्राची किल्ली आणून ठेवली, तर सेवा तत्काळ सुरू होते. दोष दिसत नाही, पण दोन यंत्रांची ओळख एक होते आणि एकाची गुप्तता गेली की दोघांची जाते. साच्यातच किल्ली राहून गेलेली असेल तर हाच प्रकार शेकडो यंत्रांच्या बाबतीत घडतो. सूचना-फाइल दुसऱ्या यंत्रावरून आणता येते, कारण ती नियमांची आहे. किल्ली आणता येत नाही, कारण ती ओळखीची आहे.

प्रत्यक्ष कार्याचा क्रम या भेदावरून ठरतो. प्रथम नोंदवही वाचावी; सेवा थांबताना तिने कारण लिहिलेले असते. नंतर सेवा सुरू न करता केवळ सूचना व किल्ल्या तपासण्याचा जो पर्याय सर्व्हरमध्ये आहे, तो वापरावा. डेबिअनमध्ये सेवा सुरू होण्यापूर्वी ही तपासणी आपोआपच होते. मग नसलेली वस्तू तिच्या प्रकारानुसार पुरवावी आणि मालकी व परवानग्या पाहाव्यात. गुप्त किल्ली इतरांना वाचता येत असेल, तर सेवा तिला स्वीकारीत नाही. ती असून नसल्यासारखीच ठरते. शेवटी, प्रत्यक्षात लागू होणारी सर्व मूल्ये छापून दाखविणारा विस्तृत तपासणीचा पर्याय आहे. त्याने फाइलीतील मौनाचाही अर्थ वाचावयास मिळतो. हे सर्व दुरूनच करावयाचे असल्यास चालू असलेली जोडणी तोडू नये. दुसरी जोडणी यशस्वी झाल्यावरच पहिली बंद करावी. सेवा पुन्हा सुरू करताना चालू जोडण्या सामान्यतः टिकतात. परंतु त्या तुटल्या आणि सेवा उठली नाही, तर यंत्रापाशी प्रत्यक्ष जाण्याखेरीज किंवा दुसरा मार्ग हाताशी असल्याखेरीज उपाय उरत नाही.

घाईतील दुरुस्ती मात्र बहुधा उलट दिशेने जाते. सर्वांना सर्व परवानग्या दिल्या जातात, ओळखीची पडताळणी बंद केली जाते, अथवा दुसरी एखादी उघडी सेवा तात्पुरती म्हणून सुरू होते आणि तशीच राहते. अशा दुरुस्तीने अभाव भरून निघत नाही. केवळ अपेक्षा काढून टाकली जाते. अपेक्षा गेली की अभावही दिसेनासा होतो, आणि सेवा अर्पानेटच्या पहिल्या रात्रीच्या निःशंक स्थितीला परत जाते. मात्र त्या रात्री जाळ्यावर दोनच यंत्रे होती.

दूरप्रवेशाच्या सेवा टेलनेटपासून ओपनएसएसएचपर्यंत अधिकाधिक कारणांनी बंद पडू शकणाऱ्या होत गेल्या. ही अधोगती नव्हे. कोणत्या गोष्टी असल्याच पाहिजेत, हे त्या क्रमाने शिकत गेल्या : १९९५ मध्ये यंत्राची ओळख, २००२ मध्ये अधिकारहीन रिकामी जागा, आणि त्यांच्या जोडीला वाचता येईल अशी नियमांची फाइल. सुरू होण्यास नकार देणारी सेवा आपल्या पूर्वजांच्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगत असते. दुरुस्त करणाऱ्याने ते वाक्य पुसण्यापूर्वी नीट वाचावे, एवढीच या इतिहासाची शिकवण आहे.